१ एप्रिलचं बिल ३१ मार्चला कसं गेलं?

प्रश्न: ताई, आमचा औषधांचा होलसेल धंदा आहे. बिलिंगचं ॲप मोंगोडीबी या डेटाबेसवर चालतं आणि मी दर महिन्याला ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेस एक्सेलला जोडणारं सॉफ्टवेअर) लावून बिलं एक्सेलमध्ये ओढतो. हल्ली रक्कम कॉलममध्ये मधेमधे रिकामं येतं आणि १ एप्रिलची सगळी बिलं ३१ मार्चला दिसतात, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं, सीए वैतागलेत. ड्रायव्हर बदलू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: थांबा, ड्रायव्हर बदलून बहुतेक काही होणार नाही, आधी डेटा बघा. मोंगोडीबीत एकाच फील्डमध्ये एका बिलाला रक्कम नंबर म्हणून आणि दुसऱ्याला स्ट्रिंग (मजकूर) म्हणून बसू शकते, कोणी अडवत नाही (तसा नियम आपणच लावला तर गोष्ट वेगळी). पण ओडीबीसीला प्रत्येक कॉलमचा एकच टाइप लागतो, म्हणून बरेच ड्रायव्हर सुरुवातीला थोडी डॉक्युमेंट्स (म्हणजे नोंदी) चाळतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. त्यात सगळे नंबर दिसले की कॉलम झाला डबल (दशांश संख्यांचा टाइप), मग पुढे कुठे "१,२५०" असं कॉमासकट स्ट्रिंग आलं की काही ड्रायव्हर तिथे नल (रिकामी किंमत) देतात, काही एरर देतात. तुमचं रिकामं बहुतेक तेच आहे. मोंगोडीबीच्या डॉलर-टाइपने ($type) रक्कम फील्डचा टाइप काढून त्यावर ग्रुप करा, स्ट्रिंग किती आणि डबल किती ते लगेच कळेल.

आणि खरं सांगू का, पैसे डबलमध्ये ठेवूच नका हो! ०.१ सुद्धा त्यात अचूक मावत नाही, हजारो बिलांची बेरीज केली की पैशांचा फरक पडू शकतो. मोंगोडीबीत ३.४ आवृत्तीपासून डेसिमल१२८ हा टाइप आहे, ३४ अंकांपर्यंत अचूक, पैशासाठी तोच वापरा.

आता तारीख. मोंगोडीबीत डेट म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद, तेही यूटीसीत (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत), टाइमझोन त्यात साठवलेलाच नसतो. तुमचं ॲप बिलाची तारीख रात्री १२ ची धरत असणार, आणि भारतातले १ एप्रिलचे रात्रीचे १२ म्हणजे यूटीसीत ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा. ड्रायव्हरने ते तसंच दिलं आणि तुम्ही एक्सेलमध्ये वेळ उडवून नुसती तारीख ठेवली की झालं, बिल मागच्या वर्षात. मूळ डेटात साडेपाच तास मिळवत बसू नका, ॲप पण तोच डेटा वाचतं, तिथे नवा घोळ होईल.

त्यापेक्षा मोंगोडीबीतच एक व्ह्यू (मूळ डेटा न बदलता तो वेगळ्या रूपात दाखवणारी क्वेरी) बनवा. त्यात तारीख एशिया/कोलकाता टाइमझोन देऊन स्ट्रिंग करा, रकमेतला कॉमा काढून डॉलर-कन्व्हर्टने ($convert) डेसिमल करा, ऑन-एररला (म्हणजे रूपांतर फसलं तर) एखादी ओळखू येणारी किंमत द्या, म्हणजे बिघडलेली बिलं लपणार नाहीत, आणि ड्रायव्हर त्या व्ह्यूला जोडा. जोडताना ड्रायव्हरच्या स्कीमा (कॉलम आणि त्यांचे टाइप) सेटिंगमध्ये जुना अंदाज सेव्ह असेल तर तो काढून टाका, नाहीतर तो जुनेच टाइप धरून बसेल.