तिसरी कडी

प्रश्न : ताई, माझी आई 68 वर्षांची आहे, मी 34. आम्ही दोघीच राहतो. वर्षभरापासून आई सकाळी उठली की बातम्या लावून बसते. संध्याकाळचं फिरणं बंद, मैत्रिणीकडे जाणं बंद. दाराला तिसरी कडी बसवून घेतली. मी कामावरून निघाले की घरी पोचेपर्यंत तिचे सात-आठ फोन येतात. परवा माझ्या भाचीला परगावी नोकरी लागली, तर ‘जाऊ नकोस’ म्हणून आईने तिला रडवलं. मी चिडून गुन्ह्यांची आकडेवारी काढून आईपुढे ठेवली. ती म्हणाली, “तू आकडे बघ, मी माणसं बघते.” तेव्हापासून अबोला आहे. टीव्हीच बंद करून टाकू का? – वैतागलेली लेक
ता. क. : गेल्या वर्षी आई रस्त्यात पडली होती, पण फारसं लागलं नव्हतं.

उत्तर : नको गं, टीव्ही बंद करू नकोस. भीती तशीच राहील आणि वर तुझ्यावरचा राग वाढेल.

‘मी माणसं बघते’ हे तुझ्या आईचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. ती अगदी खरं बोलते आहे. कुठल्याशा घरातली एक बाई पडद्यावर रडते. तीच सकाळी, तीच दुपारी, आणि रात्री चर्चा चालू असताना मागे आवाज बंद करून पुन्हा तीच. घटना एक असते, पण तुझ्या आईने ती दिवसभरात दहा वेळा पाहिलेली असते आणि दहाही वेळा तिच्या पोटात खड्डा पडलेला असतो. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली हेच मांडलं होतं : जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं, असं आपण धरून चालतो. तुझा तक्ता तिला आठवणार नाही. ती बाई आठवेल.

आणि ते सीसीटीव्हीचं चित्रण कधी नीट बघितलं आहेस का? वरून घेतलेला धुरकट जिना. एक आकृती येते. तिच्याभोवती लाल वर्तुळ उमटतं, चित्र थांबतं, मग संथ होऊन पुन्हा सुरू होतं, खाली सायरनसारखा आवाज. चेहरा दिसत नाही, म्हणून तो माणूस कुणीही असू शकतो. जिना धुरकट, म्हणून तो आपलाही असू शकतो. ते लाल वर्तुळ कुणीतरी टेबलाशी बसून काढलेलं असतं, पण बघणाऱ्याला वाटतं की धोका आपल्याच डोळ्यांनी हेरला. घरात एकट्या बसलेल्या बाईवर याचा काय परिणाम होत असेल, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

अमेरिकेत जॉर्ज गर्बनर या माध्यम-अभ्यासकांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून यावर वर्षानुवर्षं काम केलं. टीव्ही खूप पाहणारी माणसं आपल्यावर हल्ला होण्याची शक्यता प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात आणि परक्यावर विश्वास कमी ठेवतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे तुझा संशय निराधार नाही. पण पुढची गोष्टही ऐक. 1979 साली टोरोंटोत डूब आणि मॅकडोनाल्ड या दोघा संशोधकांनी माणसं कोणत्या वस्तीत राहतात तेही हिशेबात धरलं, तेव्हा टीव्ही आणि भीती यांचा संबंध जवळजवळ विरून गेला. जिथे गुन्हे खरोखर जास्त, तिथली माणसं घाबरतही होती आणि टीव्हीही जास्त बघत होती. म्हणून सगळं खापर पडद्यावर फोडण्याआधी त्या माणसाच्या रस्त्यावर काय घडलं ते बघावं लागतं.

ते तू लिहिलं आहेस. ता. क. मध्ये, एका ओळीत.

जरा तारखा जुळवून बघ. पडणं गेल्या वर्षी. बातम्या, बंद झालेलं फिरणं, सगळं वर्षभरातलं. मी तुझ्या आईला भेटलेले नाही, तरी मला वाटतं की तिला आधी रस्त्याची भीती बसली आणि मग त्या भीतीला चेहरा मिळाला. चालता चालता पाय गेला, आता पायांचा भरवसा वाटत नाही, हे तरुण लेकीला सांगणं फार जड जातं. आणि त्यासाठी तयार शब्दही नसतात. पडण्याच्या भीतीची ठळक बातमी होत नाही. चोराच्या भीतीला मात्र चित्र, आवाज, शब्द, सगळं आयतं मिळतं. ‘दिवस वाईट आलेत’ म्हटलं की घरात बसायला कारण मिळतं आणि म्हातारपण कबूल करावं लागत नाही.

तेव्हा आकडेवारी बाजूला ठेव आणि तिला डॉक्टरांकडे ने. तोल, नजर, रक्तदाब, चालू असलेल्या गोळ्या, सगळं तपासून घे. पडण्यामागे यातलं काहीही असू शकतं आणि बऱ्याचदा त्यावर इलाज असतो. एकदा पडलेलं माणूस धास्तीने चालणं सोडतं, न चालल्याने पायांतली ताकद जाते आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हा खरा धोका आहे, तिच्या वयाला साजेसा.

त्या तिसऱ्या कडीचा मला घोर लागला आहे. ती आतून लागते ना? तू कामावर असताना आई न्हाणीघरात घसरली, तर दार कोण उघडणार? त्या कडीऐवजी बाहेरून किल्लीने उघडेल असं भक्कम कुलूप बसवा आणि एक किल्ली त्या मैत्रिणीकडे द्या. द्यायला आईलाच पाठव, तू सोबत जा.

रात्री अर्धा तास तिच्याशेजारी बसून बातम्या बघ. वाद घालू नकोस. फक्त विचारत जा : हे कुठलं गं? कधीचं? सकाळी दाखवलं होतं तेच ना? पुढे ती स्वतःच सांगू लागेल. फोनचं म्हणशील तर निघताना एक आणि अर्ध्या वाटेत एक, हे दोन तू आपणहून कर. आणि भाचीला सांग, तिथे गेल्यावर आजीला रोज काहीतरी साधं कळवायचं : बस चुकली, पाऊस आला, खोलीतल्या मुलीने आपली छत्री दिली. कुणी कुणाला छत्री दिली, हे आजीला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

अबोला तूच सोड. त्या दिवसाबद्दल विचार. ती रस्त्यात पडली तेव्हा किती वेळ तशीच होती, कुणी हात दिला का, की एकटीच उठून घरी आली? तुझ्या पत्रात हे कुठेच नाही, आणि मला वाटतं, तिने ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.