जुना पेट्रोल ट्रॅक्टर लोडवर बंद पडतो आणि थोड्या वेळाने परत सुरू होतो, याचं कारण काय असेल?

तुम्ही लिहिलंय की इंजिन एका दमात सुरू होतं, उभ्या जागी नीट चालतं, पण कामाला लावलं की दहा-पंधरा मिनिटांत अडखळून बंद पडतं आणि पाच मिनिटं थांबलं की पुन्हा काही झालंच नाही असं सुरू होतं. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केलात, पाईपमध्ये नवा फिल्टरही बसवलात. कार्बोरेटर तिसऱ्यांदा खोलू नका. तुमच्या वर्णनावरून दोष त्याच्या आधी, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी दिसतो.

इंजिन पितं ते कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल. नुसतं चालू ठेवलं तर खप इतका कमी असतो की बारीक धारसुद्धा पुरते. लोड आला की खप वाढतो, वाटी भरण्यापेक्षा रिकामी होण्याचा वेग जास्त होतो आणि इंजिन थांबतं. तुम्ही थांबता तेवढ्यात तीच बारीक धार वाटी पुन्हा भरते. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी इंजिन अडखळायला लागताच चोक अर्धा ओढा. क्षणभर सावरलं तर पेट्रोलच कमी पडतंय. चोकने काहीच फरक पडला नाही आणि इंजिन बटण दाबल्यासारखं एकदम थांबत असेल, तर आधी स्पार्क बघा. स्पार्क तयार करणारी कॉइल किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर तापल्यावर दगा देतो तेव्हा लक्षणं अगदी अशीच दिसतात, आणि याच घोटाळ्यात लोक महिनोन् महिने घालवतात.

आता धार मोजा. इंजिन पूर्ण थंड असू द्या, बॅटरीची वायर काढा, जवळपास ठिणगी किंवा विडी-सिगारेट नको, आणि काम उघड्या हवेत करा. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन प्लग काढून खाली धातूचा डबा धरा आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा. पहिला लोंढा जोरात येईल. त्याला फसू नका, ते वाटीतलंच पेट्रोल असतं. त्यानंतरची धार बघायची: साधारण दोन मिनिटांत अर्धा लिटर तरी यायला हवं, आणि मुख्य म्हणजे पाच मिनिटांनीही धार तशीच राहायला हवी. पहिला अर्धा मिनिट बघून 'पेट्रोल तर येतंय' म्हणत कॉक बंद करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

धार मंदावली तर पहिल्यांदा टाकीचं झाकण सैल करा. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. ते बुजलं किंवा कोणी बिनभोकाचं झाकण बसवलं, की आत पोकळी तयार होऊन पेट्रोल अडतं. झाकण फिरवताच 'सुस्स' आवाज आला आणि धार वाढली तर काम झालं.

मग तुमचा तो नवा फिल्टर काढा. मला सगळ्यात जास्त संशय त्याच्यावरच आहे. फोर्ड ८एन किंवा फर्ग्युसन टीई २० यांसारख्या ट्रॅक्टरांना पेट्रोल पंप नाही, टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, एवढ्या उतारावरच सगळं चालतं. कागदी फिल्टर बहुतेक पंपाच्या दाबासाठी बनवलेले असतात. कोरडा असताना त्यातून फुंकर आरपार जाते, पण फूट-दीड फुटाच्या उतारावर पेट्रोल त्यातून पुरेसं उतरत नाही. ८एनला मुळातच तीन जाळ्या असतात: एक टाकीत, एक टाकीखालच्या काचेच्या वाटीत (गाळ साठतो ती, कार्बोरेटरची नव्हे) आणि तिसरी कार्बोरेटरला पाईप जोडतो त्या पितळी एल्बोमध्ये, म्हणजे वाकड्या जोडात. ही तिसरी बोटाच्या पेराएवढीही नसते आणि एल्बो काढल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे दोनदा साफसफाई होऊनही ती राहून जाते. तुमचा ट्रॅक्टर ८एन असेल तर आणखी एक खूण बघा: कॉक दोन फेरे उघडला की मुख्य साठा, पूर्ण उघडला की राखीव. दोन फेऱ्यांवर धार मंद आणि पूर्ण उघडल्यावर चांगली असेल, तर अडथळा टाकीतल्या मुख्य तोंडाशीच आहे.

फिल्टर काढूनही फरक नसेल, तर एकेक जोड सुटा करत वर जा. कार्बोरेटरकडचा पाईप काढून धार बघा, मग काचेच्या वाटीकडचा. जिथे धार सुधारते, दोष त्याच्या लगेच खालच्या भागात. रबरी पाईप असेल तर तो बदलूनच टाका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर आतून फुगतं, त्याचा पापुद्रा सुटून पडद्यासारखा आडवा येतो आणि बाहेरून पाईप धडधाकट दिसतो. पाईप एक्झॉस्टच्या अगदी जवळून जात असेल किंवा मध्येच कमान करून वर चढत असेल तर तोही नीट उतरता करून घ्या, नाहीतर तापलेल्या पेट्रोलची वाफ त्या कमानीत अडकते.

माझ्या ट्रॅक्टरने मला एक पूर्ण हंगाम छळलं ते टाकीतल्या गंजाने. टाकीच्या छताचा गंज पापडासारखा सुटला होता, नखाएवढा एक तुकडा. पेट्रोल वाहायला लागलं की तो ओढला जाऊन तोंडावर चिकटायचा, इंजिन बंद पडलं की ओढ संपायची आणि तो अलगद बाजूला व्हायचा. म्हणून मी उघडून बघेपर्यंत सगळं स्वच्छ! टाकी रिकामी करून विजेरीने आत बघितलं तेव्हा तो सापडला. टाकीत नटबोल्ट टाकून ती खडखडवा आणि धुऊन घ्या, पण वेल्डिंगची भानगड नको. रिकाम्या टाकीत वाफ राहते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते.

ड्रेन प्लगमधून धार पाच मिनिटं पूर्ण जोमात येत असेल, तरच कार्बोरेटरकडे वळा. तारेने जेट टोचू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. हवा मारण्याआधी फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगणारा पोकळ भाग, बाहेर काढा, नाहीतर दाबाने तो चेपतो. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का तेही बघून घ्या.

ड्रेन प्लगमधून किती मिनिटांत किती पेट्रोल आलं तो आकडा इथे लिहा, आणि कॉइल गरम झाल्यावरचा स्पार्क कसा दिसतो तेही सांगा. त्या दोन गोष्टींवरून पुढचं ठरवता येईल.