पहिला डेस्कटॉप घरी जोडताना: आधी यादी, मग वीज, मग जोडणी

तुम्ही विचारले आहे की मुलीला यंदा आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आहे, तिच्यासाठी डेस्कटॉप घ्यायचा आहे, तो दुकानातून तयार न आणता दोघांनी मिळून घरीच जोडावा असे तिच्या मनात आहे. तर आजवर कॅबिनेटचे झाकणही न उघडलेल्या माणसाला हे झेपेल का? सोबत दुकानदाराने लिहून दिलेली यादी आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीची एक रॅम, ५१२ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवणारी छोटी पट्टी) आणि ‘४५० वॅट एसएमपीएससह’ कॅबिनेट (एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला चालेल अशी करून देणारा डबा). ग्राफिक्स कार्ड सध्या नको आहे. घर नाशिकच्या इंदिरानगरमधल्या जुन्या इमारतीत आहे.

झेपेल, याबद्दल शंका नसावी. प्रत्यक्ष जोडणीत हाताचे कसब फारसे लागत नाही, कारण बहुतेक भागांच्या खाचा अशा केलेल्या असतात की ते उलटे बसतच नाहीत. नवख्या माणसाचे पैसे वाया जातात ते त्याच्या आधी, यादी ठरवताना आणि घरातली वीज गृहीत धरल्यामुळे. त्यामुळे या दोन गोष्टींवर मी सविस्तर लिहितो.

यादीतली सर्वांत गंभीर अडचण अशी की रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, नाही. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयचे तोंड दिसते, त्यामुळे मॉनिटर तिथे लावता येईल असे वाटते. पण ते तोंड प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालते आणि या प्रोसेसरसोबत ते कायमचे मुके राहील. ग्राफिक्स कार्ड न घेता संगणक चालवायचा असेल तर याच मदरबोर्डवर बसणारा ५६००जी घ्यावा लागेल. नावातल्या एका ‘जी’ अक्षराचा हा फरक दुकानदाराच्या लक्षात आला नसेल, किंवा तुम्ही कार्ड घ्यालच असे त्याने धरले असेल. ५६००जी मध्ये कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि तो पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड व एसएसडी जोडण्याच्या मार्गाच्या, तिसऱ्या पिढीवर थांबतो. तरीही पहिल्या वर्षाच्या कामाला तो पुरून उरेल. पहिल्या वर्षी बरेचसे काम ड्रॉइंग बोर्डावर हातानेच होते, आणि लुमियन किंवा एन्स्केप यांसारखे रेंडरिंग सॉफ्टवेअर (आराखड्यावरून खऱ्यासारखे चित्र उभे करणारे), ज्यांना स्वतंत्र कार्ड लागतेच, ते नंतर येतात. कार्ड तेव्हा घेतलेले बरे.

मात्र अभ्यासक्रम ५ वर्षांचा आहे, हे ध्यानात घेऊन आणखी एक पर्याय सुचवतो. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा; तुमच्या यादीतल्या एएम४ या सॉकेटचा प्रवास आता संपत आला आहे, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देत राहू असे रायझन बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केलेले आहे. त्यावरच्या रायझन ५ ७६०० मध्ये साधे का होईना, अंतर्गत ग्राफिक्स आहे. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले. हात सैल असेल तर एएम५ घ्या. त्यासाठी ओढाताण करावी लागत असेल तर ५६००जी घेऊन निर्धास्त राहा आणि वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरसाठी ठेवा. दिवसभर रेषांकडे पाहणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग अधिक होईल.

रॅम १६ जीबीची एक न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. अंतर्गत ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी न बाळगता मुख्य रॅमच वापरते, त्यामुळे दोन पट्ट्या दोन मार्गांनी चालल्या की चित्राच्या वेगात डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडतो. पुढे रॅम वाढवावी लागणार हे उघड आहे, म्हणून मदरबोर्ड घेताना त्यावर ४ स्लॉट आहेत ना, ते पाहा. स्वस्त बी४५० वर बहुधा दोनच असतात. बी४५० हा २०१८ चा चिपसेट आणि ५६००जी २०२१ चा, त्यामुळे बोर्डातले बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) जुने असेल तर हा प्रोसेसर त्याला ओळखताच येणार नाही. खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ अशी चिकटपट्टी आहे का पाहावे, नसल्यास दुकानातच बायोस अद्ययावत करून मागावे.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस घेऊ नका, हे मी विनंती म्हणून नव्हे, आग्रहाने सांगतो. त्याच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते, परंतु खालच्या बारीक कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचायचे असते. तिथे १८ लिहिले असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे केवळ २१६ वॅट हाती येतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांना लागणारी जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टमधून जाते. शिवाय अशा एसएमपीएसमध्ये दाब वाढल्यास किंवा शॉर्ट झाल्यास स्वतःहून बंद पडण्याची सोय भरवशाची नसते. तो जाताना एकटा जात नाही, मदरबोर्डही सोबत नेतो. ५५० वॅटचा, नामवंत कंपनीचा आणि निदान ५ वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस वेगळा विकत घ्या. उद्या आरटीएक्स ४०६० सारखे ११५ वॅटचे कार्ड बसवले तरी संगणकाची एकूण गरज ३०० वॅटच्या आत राहील आणि बाकीची जागा मोकळी असेल. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का पाहावा, पण तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, संरक्षणाचा नव्हे.

चांगला एसएमपीएसही अर्थिंगवाचून पांगळा असतो, आणि जुन्या इमारतीत याच ठिकाणी पाणी मुरते. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या जाड पिनेमागे तार जोडलेली असेलच असे नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून, संगणक जिथे ठेवायचा तिथल्याच सॉकेटवर मल्टिमीटरने तीन मापे घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसावेत, फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच दिसावेत, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात शून्य ते फार तर चार-पाच व्होल्ट. दुसरे माप फारच कमी आले किंवा आकडा स्थिरच होत नसेल, तर अर्थिंग नाही असे समजा. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्यातले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याशी जोडतात, त्यामुळे अर्थ नसल्यास पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी किंचित असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, पण त्याच अवस्थेत मॉनिटरची किंवा यूएसबीची केबल लावताना तो प्रवाह नाजूक पोर्टमधून वाट काढतो. इलेक्ट्रिशियन न्यूट्रललाच अर्थच्या पिनेशी जोडून ‘झाले काम’ म्हणाला तर त्याला थांबवा. ते धोकादायक आहे. तार मीटरच्या मुख्य अर्थपासूनच आणली पाहिजे.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज येते-जाते, तेव्हा यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, म्हणजे कार्ड नसताना काम जतन करून नीट बंद करण्याइतकी मिनिटे मिळतात. घेताना दुकानात संगणक चालू ठेवून भिंतीची पिन उपटून पाहावी, कारण काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची ओबडधोबड लहर मानवत नाही आणि ते त्याच क्षणी बंद पडतात.

खरेदीबद्दल माझे मत असे की मदरबोर्ड आणि एसएमपीएस नाशिकमध्येच घ्यावेत, कारण परत घेऊन जाण्याची वेळ याच दोन वस्तूंवर येते. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी जिथे स्वस्त मिळतील तिथून घ्या. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे, ही नाशिककरांची जुनी वाट आहे. भाव पडतात हे खरे, पण वॉरंटीसाठी पुन्हा तीच वारी करावी लागते हेही हिशेबात धरा. पक्के जीएसटी बिल आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर, याबाबत भीड बाळगू नका. एएम५ किंवा इंटेलचा बोर्ड घेतलात तर सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण काउंटरवरच उघडून आतल्या पिना सरळ आहेत ना, ते दुकानदारासमोर पाहा, आणि ते झाकण जपून ठेवा. वॉरंटीच्या वेळी ते मागतात.

जोडणीसाठी चांगला प्रकाश, टोकाला चुंबक असलेला फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर आणि रिकामे जेवणाचे टेबल एवढे पुरे. हिवाळ्यात नाशिकची हवा कोरडी असते आणि लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच स्थिर वीज रॅमला नको असते. सुती कपडे घाला. एसएमपीएसची पिन भिंतीत लावून, पण बटण बंद ठेवून, त्याच्या पत्र्याला अधूनमधून हात लावत राहा; भिंतीचे बटण फक्त फेज तोडते, अर्थ जोडलेलाच राहतो, म्हणून अंगावरची वीज तिथून निघून जाते. अर्थिंगची खात्री झाल्यावरच हे करावे, हे ओघाने आलेच. भाग बसवताना मात्र पिन काढून ठेवा.

सगळे एकदम कॅबिनेटमध्ये बसवू नका. मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि आधी तिथेच चालू करून पाहा. सॉकेटची दांडी वर करून प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता सोडायचा. तो आपल्या वजनाने खाली बसतो. बसला नाही तर उचलून पुन्हा ठेवा, दाबू नका, कारण एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि त्या वाकतात. ५६००जी सोबत येणारा कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो. त्यासाठी सॉकेटच्या दोन बाजूंचे प्लॅस्टिकचे कंस आधी काढावे लागतात. ते काढताच बोर्डाच्या पाठची धातूची पट्टी सुटून खाली पडते, म्हणून एकाने ती खालून हाताने धरावी आणि दुसऱ्याने वरून कूलर टेकवावा. दोघे आहात ते इथे कामी येईल. कूलरच्या तळाला करडी पेस्ट लावलेलीच असते, तिला बोट लावू नका आणि वेगळी पेस्ट घालू नका. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येक वेळी दोन-दोन फेरे देत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरी बाजू उचलली जाते. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ असे छापलेल्या जागीच जाते.

रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. इथे मात्र जोर लागतो, नवखे लोक घाबरून अर्धवट दाबतात; खटका ऐकू आलाच पाहिजे. मग २४ पिनांची मोठी केबल, आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची, जी ४ आणि ४ अशी फुटते. ६ आणि २ अशी फुटणारी केबल दिसायला तशीच असली तरी ती ग्राफिक्स कार्डाची आहे. मॉनिटर एचडीएमआयला जोडा, वीज द्या आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवा. पहिल्या वेळी संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होईल, पडदा मिनिटभर काळा राहील. तो रॅमची जुळवणी करत असतो, तेव्हा लगेच बटण बंद करू नका. एएम५ वर तर हा वेळ काही मिनिटांचा असू शकतो. बायोसचा पडदा दिसला की अवघड भाग संपला. नाहीच दिसला, तर दहापैकी सात-आठ वेळा रॅम नीट बसलेली नसते किंवा प्रोसेसरची केबल राहिलेली असते. एकच पट्टी ठेवून पाहा.

त्यानंतर कॅबिनेट. मागच्या पोर्टभोवतीची पत्र्याची चौकट आधी बसवा, ती विसरली तर सगळा बोर्ड पुन्हा काढावा लागतो. बोर्डाला जितकी भोके तितकेच पितळी स्टँड-ऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खुंट) लावा. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. एसएसडी बोर्डावरच्या त्याच्या खाचेत तिरका सरकवून, आडवा दाबून एका छोट्या स्क्रूने बसवायचा असतो. समोरच्या बटणांच्या बारीक वायरी बोर्डाच्या पुस्तिकेतली आकृती पाहून लावा. दिव्याच्या वायरीला अधिक-उणे असते, बटणाच्या वायरीला नसते. यूएसबी ३ चा जाड प्लग सरळच काढा-घाला, त्याच्या पिना फार लवकर वाकतात.

बायोसमध्ये दोन गोष्टी करा: रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहते, आणि एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम, म्हणजे सुरक्षेचा भाग) चालू आहे का पाहा, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते. विंडोज १० घालण्यात आता अर्थ नाही, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला. ऑटोकॅडसाठी पैसे मोजू नका किंवा कुणाकडून ‘क्रॅक’ आणू नका. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क ते विनामूल्य देते, फक्त शिक्षण चालू असल्याचा पुरावा मागते.

पुढे कार्ड घ्याल तेव्हा कॅबिनेटच्या आतली लांबी मोजून घ्या, आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावा. हे न केल्यामुळे ‘नवे कार्ड काही फरकच दाखवत नाही’ अशी तक्रार घेऊन दुकानात परत जाणारे बरेच असतात.