लिम्ब बदलले, बाण तेच : आता उजवीकडे का जातायत?

प्रश्न : सर, मुलगी 13 वर्षांची, तिरंदाजीत रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मारते, उजव्या हाताने. आधी 24 पौंडाचे लिम्ब (धनुष्याची वाकणारी पाती) होते, आता 30 चे घेतले. रायजर (धनुष्याचा मधला मुठीचा भाग) 25 इंची. बाण जुनेच, 1000 स्पाईनचे (बाण किती वाकतो तो आकडा) कार्बन, 29 इंच लांब, पॉइंट (पुढचं टोक) 100 ग्रेन वजनाचा. बाण वळवळत जातात आणि उजवीकडे लागतात. दुकानदार म्हणतो 30 पौंडाच्या हिशोबाने नवीन सेट घ्या. घेऊ का? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, लगेच नका घेऊ. लिम्बवर लिहिलेले 30 पौंड हे 28 इंच ओढीचे असतात आणि या वयाची मुलगी तेवढं ओढत नाही, तिची ओढ 26 इंच असेल तर बोटांवर साधारण 26 पौंडच येतात, कारण इंचामागे दोनेक पौंड कमी होतात. म्हणून आधी तिला पूर्ण ओढायला लावा, बाण रेस्टवर (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) जिथे येतो तिथे बाणावर खूण करा, मग कोचना त्याच खुणेपर्यंत बो स्केलने (ओढीचा जोर मोजणारा काटा) ओढायला सांगा. जो आकडा येईल तो तिचा खरा आकडा, बाण निवडायचा चार्ट त्याच्यावरूनच बघायचा.

आता बाण वळवळतात का, तर बोटांनी दोरी सोडली की बाण सरळ निघत नाही, आधी वाकतो, रायजरला वळसा घालून मग सरळ होतो. किती वाकायचा हे स्पाईन ठरवतं. शाफ्ट (बाणाची काडी) 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधे 880 ग्रॅम वजन टांगतात, एक इंच वाकला तर 1000, अर्धा इंच वाकला तर 500, म्हणजे आकडा जितका कमी तितका बाण कडक. धनुष्याचा जोर वाढला आणि बाण तोच राहिला की तो जास्त वाकतो, उजव्या हाताच्या मुलांचा असा मऊ पडलेला बाण उजवीकडे जातो, तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे.

पण खात्री करून घ्या. 18 मीटरवर तीन पिसवाले आणि दोन बिनपिसांचे बाण मारायला सांगा. बिनपिसांचे पिसवाल्यांच्या उजवीकडे पडले तर मऊ, डावीकडे पडले तर कडक. हे सरावाच्या सुरुवातीला करा प्लीज, दमलेल्या मुलीचा रिलीज (दोरी सोडणं) बिघडतो आणि मग बाणाचा दोष नसताना बाणावर खापर फुटतं. नवीन लिम्ब लावल्यावर ब्रेस हाइट (दोरी आणि मूठ यांतलं अंतर) तपासली होती का तेही कोचना विचारा.

मऊ निघालेच तर आधी 80 ग्रेनचे पॉइंट लावून बघा, पुढचं वजन कमी झालं की तोच शाफ्ट कडक वागतो. तेवढ्याने नाही भागलं तर एकच बाण एक इंच कापून बघा, आखूड बाण कडक होतो, आणि तुमच्याकडे 29 इंच असल्याने जागा आहे. मात्र पूर्ण ओढल्यावर बाण रेस्टच्या पुढे किमान एक इंच राहिलाच पाहिजे, यात अजिबात तडजोड नको, बाण रेस्टवरून आत घसरला तर थेट हातात घुसू शकतो. आणि मुलगी वाढतेय, ओढ वाढणारच, म्हणून मी तरी सगळा सेट कापणार नाही.

थोडा फरक उरला तर प्लंजरची (बाण बाजूने टेकतो ते स्प्रिंगचं बटण) स्प्रिंग जराशी कडक करून जमतं. बिनपिसांचे तरीही लांब उजवीकडेच पडत राहिले तर मग खुशाल एक पायरी कडक शाफ्ट घ्या, पण आधी दोन-तीनच, आणि मारून बघितल्याशिवाय डझन नको.