इस्लाममध्ये आजच्या काळात धर्मसुधारणा होऊ शकते का?

होऊ शकते, काही ठिकाणी झालीही आहे. फक्त ती युरोपासारखी चर्चविरुद्धच्या बंडाच्या रूपात येणार नाही, कारण सुन्नी इस्लाममध्ये पोपसारखं एकमुखी पीठच नाही. बंड करायचं कुणाविरुद्ध? बदल येतो तो राज्याच्या कायद्यातून आणि ‘इज्तिहाद’मधून, म्हणजे मूळ ग्रंथांच्या स्वतंत्र बुद्धीने लावलेल्या अर्थातून. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली आणि त्याला आधार कुराणातल्याच सर्व पत्नींना समान वागवण्याच्या अटीचा दिला.

आपल्याकडचा वेग बघा. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. त्यात महिला होत्या अवघ्या सात, आणि एक मागणी तोंडी तलाक बंद करण्याची होती. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला २२ ऑगस्ट २०१७ ला. एक्कावन्न वर्षं!

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: ‘सुधारणा’ म्हणजे उदारपणाच असं नाही. १८६६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या मदरशातून सुरू झालेली परंपराही स्वतःला सुधारकच मानते, आणि ताबूत तिला चुकीचे वाटतात. आमच्या बेळगाव सीमाभागात मोहरमला गावोगावी पीर बसतात, हिंदू घरंही नवस फेडतात. तुमच्या मते हे सामंजस्य असेल, शुद्धीकरणवाल्यांच्या लेखी आधी सुधारायचं ते हेच.