क्लोराइडमुळे तांब्याचे विद्युत्-विलेपन वेगाने होते की मंदावते?

लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम तांबे असलेल्या ॲसिड कॉपर बाथमध्ये (कॉपर सल्फेट व गंधकाम्लाच्या विलेपन-द्रावणात) जेमतेम ६० मिलिग्रॅम क्लोराइडने अभिक्रियेचा वेग कसा बदलतो, आणि ते वेग वाढवते असे एका पुस्तकात, तर कमी करते असे दुसऱ्यात का आढळते, असे आपण विचारले आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे प्लेटिंगच्या टाक्या सांभाळल्या आहेत. माझ्या मते दोन्ही पुस्तके बरोबर आहेत; फक्त दोघांचे बाथ वेगळे आहेत.

आधी प्रमाणाविषयी. चौरस डेसिमीटरला ३ अँपिअर या धारेला (विद्युत्-प्रवाहाला) जॉबवर, म्हणजे विलेपन करायच्या वस्तूवर, दर सेकंदाला तांब्याच्या अणूंचे साधारण ५० थर चढतात, आणि नवा अणू सपाटीपेक्षा पृष्ठभागावरील पायऱ्यांच्या कडेला, कोपऱ्यात सहज स्थिरावतो. या मोजक्या जागा अडवायला किंवा तिथले काम सोपे करायला द्रावणात अशुद्धी फार असावी लागत नाही; ती पृष्ठभागाला चिकटणारी असली की पुरते.

तांब्याचा द्विसंयुजी आयन दोन इलेक्ट्रॉन एकदम घेत नाही. पहिला इलेक्ट्रॉन घेण्याची पायरी मंद असते, दुसरी झपाट्याने उरकते. साध्या सल्फेट बाथमध्ये केवळ क्लोराइड घातले, तर ते कॅथोडवर (इथे जॉबवर) अधिशोषित होऊन, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून, हीच मंद पायरी सुकर करते आणि तेवढ्याच धारेला अतिविभव, म्हणजे अभिक्रिया पुढे रेटायला लागणारे जादा विभव (व्होल्टेज), कमी लागते. पण त्याच बाथमध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल असेल, तर चित्र उलटते. हे ग्लायकॉल एकटे तांब्यावर फारसे टिकत नाही, मात्र क्लोराइडच्या आधाराने ते पृष्ठभागावर असे पसरते की त्याच विभवाला धारा कित्येक पटींनी घटते. बाजारातल्या बहुतेक ब्राइटनरमध्ये (थराला चकाकी आणणाऱ्या मिश्रणांमध्ये) असा एखादा घटक असतोच.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे बाष्पीभवनाची तूट टँकरच्या पाण्याने भरून काढली जात होती. पाणी उडून जाई, क्लोराइड मागे राही, आणि प्रत्येक भरणीबरोबर त्यात भर पडे. काही आठवड्यांनी ॲनोडवर पांढुरकी क्युप्रस क्लोराइडची साय धरली, रेक्टिफायरचा (बाथला एकदिश धारा पुरवणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज चढू लागला आणि जॉबची झळाळी गेली. आम्ही मात्र आठवडाभर ब्राइटनरच वाढवत बसलो, आणि त्याने बिघाड आणखी वाढला. शेवटी थोडा बाथ काढून डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने विरळ केला, तेव्हा कुठे रंग परतला. या सगळ्या काळात चढलेल्या तांब्याचे वजन जवळपास तेच होते, कारण रेक्टिफायरने धारा ठरवून दिलेली असते आणि कार्यक्षमता पूर्ण असल्यास एका अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम तांबे बसतेच. म्हणूनच वजनावरून वेग जोखणारा विद्यार्थी फसतो. बदल दिसतो तो विभवात, आणि थर कुठे जाड, कुठे पातळ बसला त्यात.

सगळ्याच अशुद्धी पृष्ठभागावर काम करतात असेही नाही. फेरिक लोह कॅथोडवर स्वतःच इलेक्ट्रॉन घेऊन फेरस होते, म्हणजे धारा खाते पण जमा होत नाही. शिवाय बसलेले तांबे थोडेफार विरघळवते. निकेल या विभवाला बसत नाही, पण फार साचले तर द्रावण दाट होऊन आयनांचे विसरण मंदावते. ब्राइटनरच्या विघटनातून उरणारे सेंद्रिय अवशेष मला अधिक त्रासदायक वाटतात, कारण ते साध्या रासायनिक विश्लेषणात सापडत नाहीत आणि कार्बन ट्रीटमेंटखेरीज (सक्रिय कोळशाने गाळल्याखेरीज) सहसा जात नाहीत.

आपल्याला स्वतः पडताळायचे असल्यास बाथ डीएम पाण्यातच करावा, नळाच्या पाण्यात नको, कारण त्यात क्लोराइड आधीच असते. आधी नुसत्या कॉपर सल्फेट व गंधकाम्लात, मग क्लोराइड घालून आणि शेवटी ग्लायकॉल घालून, संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत कॅथोडचे विभव मोजतात तो) लावून विभवानुसार धारेचे तीन आलेख काढावेत. तिसरा आलेख पहिल्याच्याही खाली गेलेला, म्हणजे त्याच विभवाला धारा कमी झालेली दिसेल.