तैवान देश आहे की नाही? आणि इतर काही प्रश्न

तैवानविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. एकच प्रश्न अनेकांनी विचारला, तो आधी घेऊ.

प्रश्न : तैवान हा स्वतंत्र देश आहे की चीनचा भाग? जिथे पाहावं तिथे वेगळंच वाचायला मिळतं. (सातारा)

उत्तर : कारभार कोणाचा, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे : तैपेईतल्या, म्हणजे तैवानच्या राजधानीतल्या सरकारचा. सैन्य, चलन, न्यायालयं, पासपोर्ट, निवडणुका सगळं त्यांचं स्वतःचं. बीजिंगच्या आजच्या सरकारने या बेटावर एक दिवसही राज्य केलेलं नाही. मान्यता कोणाची, असं विचाराल तर मात्र चित्र पालटतं. जानेवारी २०२४ मध्ये नाउरूने साथ सोडली, तेव्हा तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध ठेवणारे बाराच उरले : पॅराग्वे, ग्वाटेमाला, बेलीझ, एस्वातिनी, पलाऊ असे छोटे देश आणि युरोपातून एकटं व्हॅटिकन.

हा गुंता बराच जुना आहे. १८९५ च्या शिमोनोसेकी तहात चीनच्या चिंग राजवटीने तैवान जपानला देऊन टाकलं. १९४५ मध्ये जपान हरला आणि बेटाचा ताबा चीनच्या प्रजासत्ताकाने, म्हणजे च्यांग कै-शेक यांच्या सरकारने घेतला. चारच वर्षांत माओंच्या कम्युनिस्टांनी या सरकारला मुख्य भूमीवरून हुसकावलं. ते नाव, राज्यघटना आणि झेंड्यासकट तैपेईला येऊन बसलं. म्हणूनच तैवानचं अधिकृत नाव आजही ‘चीनचं प्रजासत्ताक’ असं आहे. खरी मेख १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात आहे. जपानने तैवानवरचा हक्क सोडला, पण तो कोणाच्या नावे, हे तहात लिहिलंच नाही. सातबाऱ्यावरून जुन्या मालकाचं नाव कमी झालं, नव्याचं चढलंच नाही.

२५ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांनी २७५८ क्रमांकाच्या ठरावाने चीनची जागा बीजिंगला दिली. बीजिंगच्या मते तैवानचा निकाल तिथेच लागला. तैपेईच्या मते खुर्ची कोणाची एवढंच त्या ठरावाने ठरवलं, तैवानचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. ठराव काढून वाचलात तर उल्लेख नाही, हे खरं आहे. १ जानेवारी १९७९ पासून अमेरिकेनेही राजनैतिक मान्यता बीजिंगकडे वळवली, पण त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करून तैवानला शस्त्रं पुरवण्याची सोय ठेवली.

तैपेईचं सरकार पहिल्यापासून लोकशाही होतं, असा काहींचा समज दिसतो. तसं नाही. १९४९ ते १९८७ अशी ३८ वर्षं तिथे मार्शल लॉ होता. अध्यक्षाची पहिली थेट निवडणूक १९९६ मध्ये झाली.

मग सरळ स्वातंत्र्य जाहीर का करत नाहीत? एक तर २००५ च्या फुटीरताविरोधी कायद्याने चीनने अशा वेळी बळ वापरण्याची तरतूद करून ठेवली आहे. दुसरं म्हणजे तैपेईतल्या सध्याच्या सत्ताधाऱ्यांची भूमिका अशी, की आम्ही आधीच सार्वभौम आहोत, निराळं जाहीर काय करायचं? आमच्या मते इतकी वर्षं शांतता टिकली ती या मोघमपणामुळेच.

भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी बीजिंगला मान्यता दिली. त्यामुळे तैपेईत आपला दूतावास नाही. व्हिसा आणि व्यापाराची कामं १९९५ पासून ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ बघते. तैवानची अशीच केंद्रं दिल्ली, चेन्नई आणि २०२४ पासून मुंबईत आहेत.

प्रश्न : तैवानहून यंत्राचे सुटे भाग मागवतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘तैवान, प्रोव्हिन्स ऑफ चायना’ असं येतं. मूळ देश चीन लिहायचा का? (भोसरी)

उत्तर : अजिबात नाही. ही नावं आयएसओ ३१६६ या यादीतून उचललेली असतात आणि ती यादी संयुक्त राष्ट्रांची परिभाषा पाळते, म्हणून ते शेपूट. कोड मात्र वेगळे आहेत : तैवानचा टीडब्ल्यू, चीनचा सीएन. जागतिक व्यापार संघटनेतही दोघं वेगवेगळे सदस्य आहेत. चीन डिसेंबर २००१ मध्ये आला आणि तैवान १ जानेवारी २००२ ला, ‘तैवान, पेंघू, किनमेन आणि मात्सू यांचं स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र’ अशा लांबलचक नावाने.

कोड चुकला तर फटका खिशाला बसतो, कारण आपल्याकडे अँटी-डम्पिंग ड्युटी, म्हणजे फार स्वस्तात आलेल्या परदेशी मालावरचा जादा कर, देशवार लागते. इन्व्हॉइस, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आणि बिल ऑफ एंट्री या तिन्हींवर एकच देश हवा. खरी गफलत वेगळ्याच ठिकाणी होते. कंपनी तैवानी, इन्व्हॉइसवर पत्ता तैपेईचा, पण माल तिच्या चीनमधल्या कारखान्यात बनलेला. अशा मालाचा मूळ देश चीनच. ऑर्डर देतानाच कारखाना कुठला ते लेखी विचारून घ्या.

टपालाने काही पाठवायचं असेल तर शेवटच्या ओळीत ‘तैवान’ ठळक लिहा. नुसतं ‘आर.ओ.सी.’ (रिपब्लिक ऑफ चायना) लिहिलेलं पाकीट चीनच्या थैलीत जाऊ शकतं.

प्रश्न : सिंधूला टोकियोत हरवणारी खेळाडू तैवानची, मग पडद्यावर ‘चायनीज तैपेई’ का होतं? (ठाणे)

उत्तर : आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीशी १९८१ मध्ये झालेल्या करारामुळे. तैवानी खेळाडू याच नावाने उतरतात. झेंडाही राष्ट्रध्वज नसतो, पांढऱ्यावर प्लमच्या फुलाचं चिन्ह असलेला निराळा असतो. सुवर्णपदक मिळाल्यावर राष्ट्रगीताऐवजी ध्वजगीत वाजतं. ताई त्झू-यिंगने ३१ जुलै २०२१ रोजी सिंधूला २१-१८, २१-१२ असं हरवलं, ते याच नावाखाली. ‘तैवान’ म्हणूनच खेळायचं का, यावर २०१८ मध्ये तिथे सार्वमत झालं. नाव बदललं तर खेळायलाच मिळणार नाही अशी भीती होती, आणि प्रस्ताव फेटाळला गेला.

हीच तडजोड विमान कंपन्यांच्याही वाट्याला आली. चीनने २०१८ मध्ये परदेशी विमान कंपन्यांवर दबाव आणला, तेव्हा एअर इंडियानेही आपल्या संकेतस्थळावर ‘तैवान’ काढून ‘चायनीज तैपेई’ केलं.

प्रश्न : फिरायला जायचंय. व्हिसा चीनचा काढायचा का? (कोल्हापूर)

उत्तर : चीनचा व्हिसा तैवानमध्ये चालत नाही आणि तैवानचा चीनमध्ये. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा शेंगेन देशांचा व्हिसा तुमच्याकडे असेल, किंवा संपून दहा वर्षं झाली नसतील, तर ऑनलाइन प्रवास-परवाना फुकट मिळतो. त्यावर एका खेपेला १४ दिवस राहता येतं. परवाना ९० दिवस चालतो आणि त्या काळात पुन्हा प्रवेश करता येतो. पासपोर्ट निदान सहा महिने शिल्लक हवा. फॉर्ममधलं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर भरा आणि छापील प्रत जवळ ठेवा. यापैकी कोणताच व्हिसा नसेल तर मुंबईच्या केंद्राकडे रीतसर अर्ज करा. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

वीज तिथे ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. चार्जरवर ‘१००-२४०’ छापलेलं असेल तर नुसता अ‍ॅडॅप्टर पुरतो. आपली इस्त्री तिथे जेमतेम कोमट होईल. उलट तिथला हेअर ड्रायर आणून आपल्या २३० व्होल्टवर लावलात तर जळालाच म्हणून समजा, कारण व्होल्टेज दुप्पट झालं की तारेत चौपट उष्णता तयार होते.

प्रश्न : तैवानहून आलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर साल ११४ छापलंय. हे काय? (नागपूर)

उत्तर : आपण शकात ७८ मिळवतो, तसे त्यात १९११ मिळवा : २०२५. प्रजासत्ताक १९१२ मध्ये स्थापन झालं, ते पहिलं वर्ष. मुदत बघताना क्रमही लक्षात ठेवा : आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस.

हेच साल दुकानाच्या बिलावरही असतं, आणि ती बिलं फेकू नका. १९५१ पासून तिथे प्रत्येक सरकारी नमुन्याचं बिल हे लॉटरीचं तिकीटही असतं. गिऱ्हाइकाने बिल मागावं आणि दुकानदाराला विक्री दडवता येऊ नये, यासाठी ही युक्ती. दोन महिन्यांची बिलं एकत्र धरतात आणि सोडत पुढच्या विषम महिन्याच्या २५ तारखेला होते. जानेवारी-फेब्रुवारीची २५ मार्चला. बिलावरची दोन अक्षरं सोडून पुढचे आठ आकडे पाहायचे. पहिल्या बक्षिसाच्या आकड्याशी शेवटचे तीन जुळले तरी २०० तैवानी डॉलर मिळतात. सर्वांत मोठं बक्षीस एक कोटीचं. परदेशी माणसालाही ते घेता येतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. बक्षीस पुढच्या महिन्याच्या ६ तारखेपासून तीन महिन्यांत न्यायचं. बिलावर कंपनीचा कर-क्रमांक टाकून घेतलात तर मात्र ते सोडतीतून बाद होतं. सोडतीआधीच परतणार असाल तर दुकानात ठेवलेल्या समाजसेवी संस्थांच्या पेटीत बिलं टाकून या.

प्रश्न : शाकाहारी माणसाचं तिथे कसं होणार? बबल टी उपवासाला चालते का? (चिंचवड)

उत्तर : शाकाहाऱ्याला पूर्व आशियात इतकी सोय क्वचितच सापडते, आणि ती बौद्ध परंपरेमुळे. कित्येक शाकाहारी खानावळींच्या पाटीवर स्वस्तिक असतं. आपल्या उलट दिशेचं, पण ओळखू येतं. पाकीटबंद पदार्थांवर पाच वर्ग छापलेले असतात : निव्वळ शाकाहारी, दुधाचा, अंड्याचा, दूध-अंड्याचा आणि कांदा-लसूणवर्गीय घातलेला. पहिल्या वर्गात कांदा-लसूणही नसतो. म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीसुद्धा अडचण नाही.

बबल टीतले काळे गोळे टॅपिओकाच्या स्टार्चचे, म्हणजे सेलमहून येणाऱ्या आपल्या साबुदाण्याचं मूळ तेच. रंग येतो ब्राऊन शुगर किंवा कॅरॅमलचा. चालतं की नाही ते घरातल्या मोठ्यांना विचारा. उरलेले गोळे फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होतो आणि गोळे खडूसारखे लागतात.

प्रश्न : तोफगोळ्यांच्या सुऱ्या खरंच मिळतात? (रत्नागिरी)

उत्तर : मिळतात, किनमेन बेटावर. हे बेट तैवानच्या ताब्यात, पण चीनच्या श्यामेन शहराच्या अगदी समोर आहे. २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत त्यावर चीनचे पावणेपाच लाखांच्या आसपास गोळे पडले. त्यानंतर दिवसाआड, विषम तारखांना मारा होत राहिला आणि तो १९७९ च्या आरंभी थांबला. पुढच्या काळातले बरेचसे गोळे प्रचारपत्रकं भरलेले होते. ते स्फोटक गोळ्यांसारखे चिंधड्या होऊन फुटत नसत, म्हणून जाड पोलादाचे सलग तुकडे उरले. लोहार त्यातला पट्टा कापतात, भट्टीत लाल करून ठोकतात आणि धार लावतात. हे स्टेनलेस नव्हे, त्यामुळे लिंबू-चिंच कापून तशीच ठेवलीत तर सुरी गंजेल. धुऊन लगेच कोरडी पुसा.

सुरी चेक-इन सामानातच टाका, केबिन बॅगेत जप्त होते. तिथून श्यामेनला जाणारी बोट २००१ पासून सुरू आहे आणि अर्ध्या तासात पोचवते. मात्र पलीकडे उतरायला चीनचा व्हिसा आधीच हवा, आणि परत यायचं असेल तर तैवानच्या परवान्याची मुदतही शिल्लक हवी.